बेर्नो आता काय काढणार?

नाथाजी घड्याळजी गेला तेव्हा रहिमतपूरच्या पेठेत कुणालाही वाटलं नव्हतं की त्याचं दुकान पुन्हा उघडेल. विषमज्वरानं धडधाकट माणूस बारा दिवसांत गेला. मागं राहिली त्याची बायको लीलाबाई. तिशीसुद्धा गाठलेली नाही, पदरी मूलबाळ नाही, आणि हाताशी काय, तर पेठेतली एक अरुंद खोली आणि भिंतीवर टांगलेली दुसऱ्यांची घड्याळं. लोणंदहून भाऊ न्यायला आला. "लीले, सामान बांध. घड्याळं उघडणं हे काय बायामाणसाचं काम हाय व्हय?" असं तो सरळच म्हणाला. त्याचा तरी काय दोष? सगळी पेठ हेच म्हणत होती.

पण लीलाबाई सोनाराची लेक. परकर नेसायच्या वयापासून बापाशेजारी बसून तिनं बारीक कड्या जोडल्या होत्या. लग्नानंतर नवऱ्याशेजारी बसली, ती चाकं धुऊन-पुसून मांडता मांडता एक दिवस स्वतःच चिमटा धरू लागली. नाथाजीची नजर मंदावल्यावर तर निम्मी कामं तिच्याच हातची असायची. हे फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. ती भावाला म्हणाली, "बेंदरापतोर बघते दादा. न्हाई जमलं तर तुझ्या दारात हायेच मी."

बैलांचा सण बेंदूर, तो जवळ येत चालला तरी जमेना. एखादं भिंतीवरचं घड्याळ यायचं, एखादा गजर यायचा. मनगटावरचं घड्याळ मात्र लोक साताऱ्याला पाठवायचे. एवढं नाजूक काम बाईच्या हातात कोण देणार?

त्या दिवसांत दुकानात न चुकता येणारे तिघंच. दर बाजाराच्या दिवशी यायचे, आणि काम घेऊन नव्हे, गप्पा मारायला. नाथाजीच्या काळापासूनची ती सवय होती, ती त्यांनी मोडली नाही.

पहिले सुभेदार लालासाहेब. मागल्या महायुद्धात नोकरी करून आलेले, नदीकाठी उसाचं रान, पांढराशुभ्र फेटा, आणि मनगटावर बेर्नोचं घड्याळ. दुसरा आकाराम, सातारा-रहिमतपूर मोटारीचा ड्रायव्हर. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या गॅसवर मोटार हाकता हाकता त्याचं सगळं आयुष्य काळं झालं होतं, पण यंत्राचं नाव काढलं की तोंड उजळायचं. तिसरा धुळा. माणदेशातला मेंढका, दर बाजाराला घोंगडी विकायला यायचा. त्याच्याकडं घड्याळ नव्हतंच, कधी असेल असंही त्याला वाटत नव्हतं. तरी घड्याळाचं वेड तिघांत त्यालाच जास्त होतं.

तिघांच्या बोलण्याचा विषय एकच. बेर्नो आता काय काढणार?

बेर्नो ही स्वित्झर्लंडची कंपनी. तिचं घड्याळ सगळ्या कोरेगाव तालुक्यात दोघांकडंच होतं, एक सुभेदारांकडं आणि एक डॉक्टरांकडं. दरसाल नव्या घड्याळांच्या चित्रांचं पुस्तक मुंबईच्या व्यापाऱ्याकडून सुभेदारांना टपालानं यायचं. एकोणचाळीस साली शेवटचं आलं. मग लढाई पेटली, पुस्तक बंद झालं, माल बंद झाला. आणि बातमी जितकी आटली, तितका तर्क फुगत गेला.

"लढाई सपू द्या," सुभेदार मिशीवरनं बोट फिरवत म्हणायचे, "तारीक दावणारं काढत्याल. तबकडीला बारकी खिडकी, आन् त्या खिडकीत तारीक."

"तारीक आपल्याला पंचांगात गावती की वो," आकाराम म्हणायचा. "पाण्यात बुडलं तरी चालणारं काढत्याल, बगा. सैन्याला तेच लागतंय."

धुळा म्हणायचा, "काय बी काढू द्यात. पर आवाज हाच ठेवा म्हणावं." आणि सुभेदारांचा हात धरून घड्याळाला कान लावायचा.

लीलाबाई मान खाली घालून काम करत ऐकत असायची. बोलायची नाही. दुकानात माणसांचा आवाज आहे, एवढंच तिला पुरत होतं. बंद दुकान आणि चालू दुकान यांतला फरक त्या काळात खरं तर तेवढाच होता.

अशात, चव्वेचाळीसच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, सुभेदारांना त्यांच्या मुलाचं पत्र आलं. ज्योतिबा एकुलता एक, मराठा पलटणीत, इटलीकडं कुठंतरी लढत होता. सुभेदारांनी पत्र दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. "आबा, आमच्या एका साहेबाकडं बेर्नोचं नवीन घड्याळ आहे. त्याला चावी द्यावी लागत नाही. हातात बांधून हिंडलं की आपोआप चावी बसते. साहेब म्हणतात, लढाई संपल्यावर हेच सगळ्यांना विकायला काढणार. मी तुमच्यासाठी घेऊन येईन."

मग एकदम तिघंही बोलू लागले.

"चावीबिगर? थापा मारतंय पोरगं!"

"थापा मारायचा न्हाई माझा ज्योतिबा."

"मग कसं हुईल? सांगा की."

ते कसं होईल, यावर पुढचे तीन बाजार गेले. चौथ्या बाजाराला धुळानं डोकं चालवलं. "आमच्या म्होरक्या शेळीच्या गळ्यात घंटी असती. शेळी चालली की आतला लोळा हालतोय. हिकडं-तिकडं, हिकडं-तिकडं. तसला लोळा घड्याळात टांगला आसंल. हात हालला की लोळा हालायचा, आन् लोळा हालला की चावीनं गुंडाळती ती आतली कमान गुंडाळायची."

"आरं पर गड्या," आकाराम म्हणाला, "लोळा जसा जातोय तसा माघारी बी येतोय. जाताना गुंडाळली तेवढी कमान येताना उलगडंल की! हातात काय ऱ्हायलं? शून्य."

धुळा हिरमुसला. सुभेदारही विचारात पडले. तेव्हा खालमानेनं बसलेली लीलाबाई बोलली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

"उलगडायची न्हाई. आपण चावी देतो तवा कटकट वाजतंय, ते काय असतंय? आत एक खटका दात्यांवरनं घसरतोय. त्यो हाय म्हणून कमान उलटी फिरत न्हाई. लोळ्याला बी तसला खटका लावला, तर जाताना वढंल आन् येताना नुसता घसरंल. निम्मी हालचाल वाया जाईल. पर निम्मी कामाला येतीया की."

तिनं पाटी घेतली आणि चाक, खटका, लोळा असं काढून दाखवलं. आकाराम पाटीवर वाकला. इंजिन बघताना बघायचा तसा तो बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "वैनी, बरोबर हाय."

सुभेदारांनी मनगटावरचं बेर्नो सोडलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. "रोज दोन मिन्टं मागं पडतंय. साताऱ्याला द्यायचं मनात हुतं. तुमीच बघा."

लीलाबाईनं ते पदरात घेतलं. तीन दिवस तिनं दुसरं काम घेतलं नाही. घड्याळ उघडलं, चाकं धुतली, टोकाटोकावर तेलाचा थेंब सोडला, पुन्हा जुळवलं. पुढल्या महिन्यात सुभेदार भर बाजारात, डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सकाळच्या गाडीबरोबर मिळवून बघतुया महिनाभर. येक मिनीट हिकडं न्हाई, येक मिनीट तिकडं न्हाई. नाथाजीच्या बायकूनं केलंय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं बेर्नो आलं. मग मास्तरांचं आलं, पोष्टातलं आलं. लीलाबाईला काम पुरेना.

तर्क मात्र थांबले नव्हते. आता त्यात तीही असायची. धुळानं नवी अडचण काढली. "शेळीचं प्वाट भरल्याव बी चारत ऱ्हायलं तर फुगून मरती. माणूस दिसभर हात हालवणार. कमान भरली तरी भरतच ऱ्हाणार. तटाककन तुटायची न्हाई का?" यावर मात्र खुद्द लीलाबाईची झोप उडाली. पंधरा दिवसांनी भाकरी थापता थापता तिला सुचलं. साध्या घड्याळात कमानीचं बाहेरचं टोक ती ज्या डब्यात असते त्याला आकड्यानं अडकवलेलं असतं. इथं आकडाच नसेल. टोक नुसतं दाबून बसत असेल, आणि फार ताण आला की घसरत असेल. सुभेदारांनी ते सगळं मुलाला लिहून कळवलं. त्याच आठवड्यात मुंबईच्या व्यापाऱ्यालाही लिहिलं, की ते घड्याळ जेव्हा केव्हा येईल, तेव्हा पहिलं माझ्या नावावर.

पंचेचाळीसच्या एप्रिल महिन्यात तार आली. ज्योतिबा इटलीत पडला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिकडची लढाई संपली. शाळेतल्या पोरांना पेढे वाटले गेले, तेव्हा सुभेदारांच्या घराची कवाडं बंद होती.

सुभेदार पुन्हा दुकानात आले नाहीत. आकाराम आणि धुळा यायचे, पण बेर्नोचं नाव कुणी काढायचं नाही. बोलणं त्या वळणाला लागलं की कुणीतरी पावसापाण्याकडं वळवायचं. लीलाबाई दोनदा सुभेदारांच्या घरी जाऊन आली. सोप्यात खुर्ची टाकून ते उसाकडं तोंड करून बसलेले असायचे. "या" म्हणायचे. त्यापुढं शब्द नाही. त्यांच्या बायकोनं, मनुबाईंनी, निरोप देताना दारात तिचा हात धरला होता.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. सत्तेचाळीसच्या माघात, गुऱ्हाळं चालू असताना, बाजाराच्या दिवशी आकाराम मोटार उभी करून धावतच दुकानात आला. हातातली रुमालाची गाठ त्यानं लीलाबाईपुढं सोडली.

"वैनी, आलं."

रुमालात बेर्नोचं नवं घड्याळ होतं. जुन्या मागणीप्रमाणं मुंबईच्या व्यापाऱ्यानं पाठवलेलं. पार्सल येऊन महिना झाला होता. सुभेदारांनी ते उघडलंसुद्धा नाही. शेवटी मनुबाईंनीच उघडलं आणि नवऱ्याच्या मनगटावर बांधलं. त्यांनी बांधू दिलं. पण घड्याळ रोज दुपारी बंद पडत होतं. मनुबाईंनी हलवलं की चालायचं, पुन्हा बंद.

"मोडकंच पाठवलं म्हनं मुंबईवाल्यानं," आकाराम म्हणाला. "काकींनी गुपचूप माझ्याकडं दिलंय."

धुळा घोंगड्यांचा गठ्ठा तसाच टाकून आत आला. लीलाबाईनं पदरानं हात पुसले, डोळ्याला भिंग लावलं आणि पाठीमागचं झाकण फिरवलं. आख्ख्या जिल्ह्यात त्या घड्याळाचं पोट तोवर कुणी पाहिलं नसेल. आत, सगळ्या चाकांच्या वर, एक पितळी वजन टांगलेलं होतं. तिनं घड्याळ कलतं केलं. वजन झुललं, बारक्या स्प्रिंगवर आपटलं, माघारी झुललं.

"धुळाभाऊ," ती म्हणाली, "तुमची घंटी."

तिनं भिंग त्याला दिलं. मग आकारामनं घेतलं. खटका होता, तिनं पाटीवर काढला होता जवळजवळ तसाच. तिघं लहान पोरांसारखी हसली. आणि हसता हसता तिघांच्याही मनात एकच आलं असावं, की सुभेदार इथं नाहीत, कारण तिघंही एकदम थांबली.

मग लीलाबाईनं दोष शोधायला घेतला. दोन दिवस शोधला. कमानीचा डबासुद्धा उघडला. कुठं दात तुटलेला नाही, कचरा नाही, गंज नाही. घड्याळ निर्दोष होतं. तरी खात्री करावी म्हणून तिनं ते दोन दिवस आकारामच्या हातात बांधलं. मोटार हाकताना घड्याळ एकदाही थांबलं नाही. बाजाराच्या दिवशी ते तिनं धुळाला दिलं. धुळा ते बांधून माणदेशात घरापर्यंत चालत गेला, आठ दिवस मेंढरांमागं हिंडला, आणि पुढल्या बाजाराला परत घेऊन आला.

"झोपताना तेवढं काढून ठेवत हुतो, धक्का लागंल म्हणून," तो म्हणाला. "येकदा बी थांबलं न्हाई वैनी. जल्मात पयल्यांदा हातावर टाईम बांधून चाललो. लय उपकार झालं तुमचं."

त्या क्षणी लीलाबाईला दोष कळला. आणि कळला तेव्हा तिला वाटलं, कळला नसता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घड्याळ घेऊन सुभेदारांच्या घरी गेली. मनुबाई अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. लीलाबाईनं हळूच विचारलं, "काकी, सुभेदार दिसभर काय करत्यात?"

"काय करायचं? सकाळी खुर्चीत बसत्यात, सांजच्याला उठत्यात. हात उचलत्यात त्यो घासापुरता."

सुभेदार सोप्यातच होते. लीलाबाई समोर जमिनीवर बसली. घड्याळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"घड्याळात काय बी दोष न्हाई, सुभेदार."

"मग बंद का पडतंय?"

"आवं, हे हाताच्या हालण्याव चालतंय. आन् तुमचा हात हालत न्हाई."

सुभेदारांनी तिच्याकडं पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते कुणाकडं तरी नीट पाहत होते. "कुनासाठी हालवायचा?"

"ते मला सांगता यायचं न्हाई. मी घड्याळाचं सांगतीया." तिनं घड्याळाच्या कडेची चावी त्यांना दाखवली. "चावी द्यायची सोय बी हाय ह्याला. तुमी म्हणाल तर मी रोज येऊन चावी देऊन जाईन. जल्मभर देईन. तेवढं देणं तुमचं माझ्याव हाय."

बाहेर गुऱ्हाळावर कुणीतरी बैलांना हाकारत होतं. सुभेदार घड्याळाकडं बघत राहिले. मग जणू दुसऱ्याच कुणाचा असावा अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आत कसं हाय?"

"भिंग दुकानात ऱ्हायलं," लीलाबाई म्हणाली. "भिंगाबिगर दिसायचं न्हाई."

पुढच्या बाजाराला उन्हं तापायच्या आत पेठेतली माणसं आपापल्या दुकानातनं बाहेर येऊन बघत होती. सुभेदार चालत येत होते. फेटा नव्यानं बांधलेला, पावलं सावकाश. त्यांच्या मागं दहा पावलांवर मनुबाई, डोक्यावर काकवीची कासंडी घेऊन.

आकारामनं बाकडं झटकलं. धुळानं त्यावर आपलं सगळ्यात चांगलं घोंगडं अंथरलं. लीलाबाईनं झाकण उघडून भिंग पुढं केलं. सुभेदारांनी ते डोळ्याला लावलं, वजन झुलताना पाहिलं. एकदा, दोनदा, किती तरी वेळा.

"घंटीच हाय रं धुळा," ते म्हणाले.

"व्हय जी."

"आन् खटका?"

"ह्यो बगा, हितं," लीलाबाईनं चिमट्याच्या टोकानं दाखवलं.

"आन् शेळीचं प्वाट?"

"मी डबा उघडून बघितलाय. आकडा न्हाई. टोक नुसतं दाबून बसवलंय."

सुभेदारांनी भिंग खाली ठेवलं. सदऱ्याच्या खिशातनं एक घडी पडून पडून मऊ झालेलं पत्र काढलं. "तार आली त्याच्या मागनं बारा दिसांनी हे आलं. कुनाला वाचून दावलं न्हाई. हिला बी न्हाई." त्यांनी मनुबाईंकडं पाहिलं. मग पत्र उलगडलं आणि थोडंसंच वाचलं. "आबा, घड्याळजीणबाईंनी सांगितलं ते मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी एकदा ते घड्याळ दुरुस्त होताना पाहिलं आहे. ते म्हणाले, बाईंनी न बघता ओळखलं, अगदी तसंच आहे. साहेबांना फार नवल वाटलं. बाईंना माझा नमस्कार सांगा."

त्यांनी पत्राची घडी घातली, पण ती नीट बसेना. मनुबाईंनी पुढं होऊन ते त्यांच्या हातातनं घेतलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"तुमचा निरोप व्हता, लीलाबाई," सुभेदार म्हणाले. "दोन वर्सं माझ्यापाशी पडून ऱ्हायला. मला माफी द्या."

लीलाबाईनं उठून आधी त्या पत्राला हात जोडले. मग ती बोलू लागली. एवढं सलग ती नवऱ्याशीसुद्धा कधी बोलली नव्हती. भाऊ न्यायला आला होता ते, बेंदराची मुदत घातली होती ते, बोचकं बांधून माच्याखाली ठेवलं होतं ते. "तुमी तिघं आपली गंमत म्हणून बोलत हुता. काय काढणार, कसलं काढणार. मी ऐकत हुते. मला कुणी काय इचारत न्हवतं, पर तुमी उठून जात बी न्हवता. बाई बसलीया म्हणून दुसरं दुकान बगितलं न्हाई तुमी. त्या दिशी तुमी घड्याळ काढून माझ्याम्होरं ठेवलं, तवा बोचकं सोडलं मी. माझ्या हातात जे काय हाय, ते तुमा तिघांनी दिलेलं हाय."

"आमी कुठलं काय दिलं वैनी," धुळा डोळे पुसत म्हणाला. "आमी नुसतं बोललो."

मनुबाईंनी कासंडी खाली उतरवली. "बोलणं न्हाई ते घर कसं असतंय, ते मला इचारा," त्या म्हणाल्या. "दोन वर्सांनी ह्यो माणूस आज आपसूक वाणा पायात घालून बाहीर पडला." आणि लीलाबाईला जवळ घेऊन तिच्या पाठीवरनं त्यांनी हात फिरवला, सासरी नांदणाऱ्या लेकीच्या पाठीवरनं फिरवतात तसा.

मग काकवी निघाली. लीलाबाईच्या भाकऱ्या होत्याच. आत चुलीपाशी जागा नव्हती म्हणून सगळी दुकानातच बसली. आकारामची मोटार सुटायची वेळ टळून गेली, आणि मोटारीत बसलेली माणसं हाका मारून मारून शेवटी तीही उतरून दुकानापाशी आली. त्यांना काकवीचं बोट मिळालं आणि भिंगातनं बेर्नोचं पोटही दिसलं.

सगळे गेल्यावर लीलाबाई कामाला बसली. मास्तरांचा गजर उघडा पडला होता, संध्याकाळपर्यंत द्यायचा कबूल केला होता. तिनं भिंग लावलं, पण दिसेना. तिला वाटलं काकवीचं बोट लागलं असेल, म्हणून तिनं ते पदरानं दोनदा पुसलं. तरी दिसेना. मग तिच्या लक्षात आलं की भिंग स्वच्छच आहे. तिनं ते काढून ठेवलं आणि मास्तरांच्या कामाची घाई न करता, भिंतीवरच्या साऱ्या घड्याळांच्या आवाजात ती घटकाभर तशीच बसून राहिली.